साबण विकत घेणाऱ्याचं गाणं

अय्यूब, आधी आपलं भांडण मिटवू, रडायचं मग बघू. तू असतास तर म्हणला असतास, गाडी सुटून गेल्यावर घंटी कावून मारतोस बे कंडक्टर. एसटीतून रिटायर होऊन एवढी वर्षं झाली तरी तुझ्या तोंडी मी कंडक्टरच राहिलो. माझं भास्कर हे नाव तुला माहीत तरी होतं का, याची मला शंका आहे.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुझ्या घरी आलो तेव्हा तुझा इम्रान मला दारातच म्हणाला, ‘काका, ती चाल आता आपण वाजवणार न्हाई. अब्बूची चाल अब्बूसंग गेली.’ त्याच्यामागं तुझ्या बँडची सगळी पोरं मान खाली घालून उभी. त्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं. उस्तादाची खास चाल उस्तादामागं कुणी वाजवायची नाही, ही म्हणे अदब आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या चालीवरून मी आयुष्यभर तुझ्याशी भांडलो, ज्या चालीवर धारूरचे निम्मे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला गेले, ती अशी अदबीनं गाडून टाकायची? पण दुखवट्याच्या घरात आवाज कसा चढवायचा. गप चहा प्यालो अन् घरी आलो.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. तू गेलास ते गेलास, त्याला माझा इलाज नाही. पण ती चाल जायला नको होती. अन् ती राहावी असं म्हणायला मी कोण, हेही कळत नव्हतं. मी ना बँडवाला, ना तुझ्या नात्याचा. मी फक्त तो माणूस, ज्यानं ते पोतं आणलं.

पोत्याची गोष्ट तू प्रत्येकाला सांगायचास अन् दर वेळी त्यात माझा पाणउतारा करायचास. आता माझ्या तोंडून ऐक. तुझा बँड तेव्हा नवा होता. रेडिओवरची गाणी टेप करून पोरांना शिकवायला कॅसेटी लागायच्या अन् कोऱ्या कॅसेटी तुला परवडत नव्हत्या. तेव्हा तू अक्कल लढवलीस. औरंगाबादच्या जुन्या बाजारात कुणी न घेणाऱ्या इंग्रजी कॅसेटी पोत्यानं मिळतात हे तुला कुठून तरी कळलं. माझी ड्यूटी त्या रूटला. मी पोतं गाडीच्या टपावर टाकून आणलं अन् तुझ्याकडून लगेजच्या तिकिटाचे पैसे घेतले. ‘दोस्ताला तिकीट फाडतो,’ हे तू मरेपर्यंत विसरला नाहीस. अरे, नोकरी होती माझी ती.

मग तुझा तो कारखाना सुरू झाला. कॅसेट पुसू नये म्हणून कंपनीनं वरची टिकली मोडलेली असते, त्या खाचेवर तू चिकटपट्टी लावायचास अन् लाल बटण दाबून बिनदिक्कत वर टेप करायचास. इंग्लंड-अमेरिकेतले कितीतरी गवई तू धारूरच्या कसब्यात बसून असे पुसून काढलेस. त्यांच्या जागी तुझं क्लॅरिनेट, मधेच भाभीनं भांडं आपटल्याचा आवाज, अन् मागं कुणाची तरी शेळी.

ती एक कॅसेट तेवढी वाचली, अन् वाचली ती लाइट गेली म्हणून. तू पट्टी लावलीस, बटण दाबलंस, क्लॅरिनेटवर जरा घसा साफ केल्यासारखं वाजवलंस, खोकलास, अन् लाइट गेली. आपल्याकडं लाइट गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. मी तुझ्या ओट्यावर बसून सीताफळ खात होतो. बऱ्याच वेळानं लाइट आली. तू कॅसेट मागं फिरवून लावलीस, आपलं किती टेप झालंय बघायला. आधी तुझं क्लॅरिनेट. मग तुझा खोकला. अन् मग एकदम, धाडकन, कुणीतरी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर काड्या मारायला लागला.

तू बटणावर बोट ठेवून तसाच थांबलास. पुसायचं की नाही, एवढा एकच प्रश्न होता. मी म्हणलं, ‘पूस की, काय बघतोस.’ तू म्हणलास, ‘थांब बे. ह्यो काय म्हणतोय ऐकू दे.’

आपण त्या दिवशी दोन्ही बाजू ऐकल्या. इंग्रजीतलं आपल्याला काळं की गोरं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट दोघांनाही कळली, की हे लोक मोठे वाजवणारे नाहीत. गिटार चाळणीत खडे हलवल्यासारखी. कीबोर्डवर एका बोटानं वाजवल्यासारखे सूर, शाळेतल्या पोरानं नवीन पेटीवर वाजवावेत तसे. अन् गाणारा तर गातच नव्हता. मला तो ओळखीचा वाटला, कारण असला माणूस माझ्या गाडीत रोज असायचा. खिडकीकडं तोंड करून बसलेला, स्वतःशीच पुटपुटणारा, तिकीट मागितलं की दचकणारा. घरी काहीतरी झालेलं असतं, पण विचारलं तर म्हणतो, कुठं काय. अगदी तोच माणूस गात होता. तरीपण पाय थांबत नव्हते. तुझी मान हलत होती अन् माझ्या हातातल्या सीताफळाच्या बिया ताल धरल्यासारख्या पडत होत्या.

कव्हरवर चार पोरं भिंतीला टेकून उभी. बारक्या काळ्या टाय, अन् हसू म्हणून कुणाच्या तोंडावर नाही. तू बराच वेळ बघून म्हणलास, ‘यांच्यात कुणी वारलं का?’ अन् पुढच्या लग्नसराईत तू काय केलंस? लाल झगझगीत कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, असल्या तुझ्या बँडच्या पोरांना तू बारक्या काळ्या टाय शिवून आणल्यास. वैशाखात! धारूरच्या उन्हात! मग सगळ्यांना किल्ल्याच्या भिंतीला टेकून उभं केलंस अन् फोटो काढलास, कुणी हसायचं नाही म्हणून. फोटोवाला बिचारा हसा हसा म्हणत राहिला. तो फोटो तू कार्डावर छापलास. सिरसाळ्याचा एक पाटील ते कार्ड बघून मला म्हणाला, हे लग्नाचे बँडवाले हायत का मयतीचे? पण नाव पडायचं ते पडलं. टायवाले. लग्न ठरलं की माणसं विचारायची, टायवाल्यांची तारीख मिळती का बघा.

कॅसेटीतलं पहिलंच गाणं तू बसवलंस, ज्याची सुरुवात तुझ्या क्लॅरिनेटनं खाऊन टाकली होती. त्यामुळं ते गाणं खरं कसं सुरू होतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. मग तू काय करायचास, कॅसेटीत होतं तसंच्या तसं आधी ते तुझं घसा साफ करणं वाजवायचास. क्लॅरिनेट, मग खोकल्याएवढी फट, मग ड्रम. पोरांनी बेट्यांनी ती फटही पाठ केली होती. इंग्लंडातल्या गाण्याला धारूरचं डोकं बसवलंस तू.

नांदूरघाटच्या त्या लग्नात पहिल्यांदा वाजवलंस तेव्हा मी होतो. परण्या निघाला होता, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला. नाचणारी पोरं एकदम थांबली. हे काय नवीन, कुठल्या पिक्चरचं, म्हणून एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता मार खातोय अय्यूब. मग ऊसतोडीवरून नुकता परत आलेला एकजण टोपी काढून मधे घुसला अन् असा नाचला, असा नाचला, की सगळा गाव मागं लागला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण त्या चालीवर ज्याला येत नाही तोही नाचायचा. तिला पावलं माहीत असावी लागत नव्हती. नुसतं चिडल्यासारखं चालत राहिलं तरी नाच व्हायचा.

पण एक गोष्ट तू कधी सोडली नाहीस. दुखवट्याचं घर आलं की तुझा डावा हात वर. तो हात वर गेला की ढोल असो की ड्रम, आवाज बंद. मशिदीपुढं थांबायचास तसाच त्या घरापुढं थांबायचास. नवरदेवाचा मामा दारू पिऊन अंगावर यायचा, पैसे घेतलेत, वाजवा म्हणायचा. तू म्हणायचास, ‘त्या घरातून कुणी वाजवा म्हणलं तर वाजवू. तुमी म्हणून न्हाई.’ अन् तसं कुठल्या घरातून कधी कुणी म्हणलं नाही. सगळी वरात नुसत्या चपलांच्या आवाजात तिथून पुढं जायची. जिवंतपणी ज्याच्याशी तुझं बोलणं नव्हतं, त्याच्या घरापुढंही तू हात वर केलास. मी विचारलं तर म्हणलास, मेलेल्याशी कसलं बे भांडण. आता बघ, मी करतोय.

भांडण कशावरून ते पुन्हा एकदा माझ्या बाजूनं सांगतो. माझी सुजाता शिकायला पुण्याला गेली. एका सुट्टीत आली तेव्हा गल्लीतून तुझा बँड चालला होता. ती ओट्यावर उभी राहून ऐकत होती अन् एकदम हसत सुटली. तिनं फोनवर ते गाणं लावून दाखवलं. मी चकित. आपल्या पोत्यातलं गाणं म्हणजे लई मोठं निघालं. लोक ते अजून ऐकतात म्हणे, त्या चार पोरांची ती पहिलीच कॅसेट, अन् पुण्यातली तिच्या वयाची पोरंसुद्धा आजकाल ती नव्यानं शोधून ऐकतात. त्या जातीच्या संगीताला न्यू वेव्ह म्हणतात, नवी लाट. तुला सांगितलं तर तू म्हणलास, ‘लाट? आपल्याकडं एकच लाट येती, उन्हाची.’

मग सुजातानं मला शब्दांचा अर्थ सांगितला. त्यातल्या माणसाला बाई सोडून गेलेली असते. अन् दुसऱ्या दिवशी हा बाबा उठून दुकानात जातो, साबण विकत घेतो. दुकानदार विचारतो, कसं काय? तर हा म्हणतो, सगळं ठीक आहे. बस. एवढंच गाणं.

मी तिथंच डोक्याला हात लावला. अरे, बाई सोडून गेलेल्या माणसाच्या गाण्यावर आपण इतकी वर्षं नवरदेव घोड्यावर बसवत होतो!

मी लगेच तुझ्याकडं आलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. तुला एकदा तरी चूक ठरवायची संधी आली होती. तू क्लॅरिनेट पुसत बसला होतास, भाभी आत भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं अन् म्हणलं, हा अपशकुन आहे, ही चाल बंद कर. कळलं एखाद्या सासूला तर हात दाखवून अवलक्षण होईल, एक सुपारी मिळायची नाही तुला.

तू शांतपणे क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलंस. मग विचारलंस, ‘साबण घेतो म्हणलास ना?’

‘हो.’

‘मग झालं की. ज्याला मरायचंय तो साबण कावून घेईल? त्याला उद्या आंघोळ करायची हाय.’

आत भाभी हसली. मी चिडलो. मी म्हणलं, तू अर्थाचा अनर्थ करतोस, गाणं दुःखाचं आहे. तू म्हणलास, दुःखाचं हाय म्हणूनच त्याच्यावर नाचता येतं, नुसत्या आनंदाच्या गाण्यावर माणूस दोन मिनिटांत दमतो. मी म्हणलं, तू उंटावरचा शहाणा आहेस. तू म्हणलास, अन् तू टपावरचा. त्या दिवसापासून हे भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.

बाकी एका गोष्टीत मात्र मी तुला तेव्हाच मानलं होतं, बोललो नाही एवढंच. सुजातानं त्याच पोरांची पुढची गाणी पण फोनवर लावली होती. दुसरी कॅसेट, तिसरी. तू कानात ती वायर घालून माझ्या ओट्यावर ऐकलीस. आता ती मंडळी छान वाजवत होती. कीबोर्ड दहा बोटांनी, गाणारा सुरात. तू वायर काढून ठेवलीस अन् तोंड वाकडं केलंस. म्हणलास, यांना आता वाजवता यायला लागलं, गेलं काम. पहिल्या वेळेला यांच्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं ओतलं त्यांनी, पुढच्या खेपेला काही राखून ठेवलंच नाही, म्हणून ती कॅसेट शिळी होत नाही.

अन् मग तुझी पहिली सुपारी सांगितलीस, सिरसाळ्याची. उसने कोट, कुणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, कुणाच्या कोपरापर्यंत. सगळी मिळून तुम्हाला जेवढी गाणी येत होती ती तुम्ही परण्यातच वाजवून टाकलीत. वरातीला काय वाजवायचं हा विचारच कुणी केला नव्हता. मग रात्री तीच गाणी उलट्या क्रमानं वाजवलीत. तू म्हणायचास, तसं पुन्हा कधी वाजलं न्हाई. तुझी ती पहिली सुपारी कुणी टेप केली असती तर ती पण आज पुण्यातल्या पोरांनी ऐकली असती, असं मला तेव्हा वाटलं होतं. हे पण मी बोललो नाही. मेल्यावर माणसाला किती गोष्टी ऐकाव्या लागतात बघ.

आता सुजाताच्या लग्नाचं. हे मी कुणापाशी बोललेलो नाही.

लग्न ठरलं तेव्हा बँड तुझाच, यात प्रश्नच नव्हता. पण मी तुला बजावलं, माझ्या पोरीच्या लग्नात ती चाल नको. परण्यात तू दुसरीच गाणी वाजवलीस, अन् मुद्दाम अशी मरगळलेली वाजवलीस, की जावयाचा घोडापण पेंगायला लागला. पुण्याचे पाहुणे एकमेकांकडं बघत होते. मी तुझ्याकडं डोळे वटारले, तू आभाळाकडं बघितलंस.

दुपारी पाठवणी झाली. गाडी घाटाकडं वळली अन् दिसेनाशी झाली. माणसं पांगली. बायका आत गेल्या. मी मंडपामागं, आचाऱ्याच्या विझलेल्या चुलवणापाशी उगाच उभा होतो. तिथं कुणी येणार नाही म्हणून उभा होतो. पोरीला सांगायच्या कितीतरी गोष्टी राहिल्या होत्या अन् मी तिला शेवटचं काय म्हणालो, तर पाण्याची बाटली घेतली का.

तू मागून आलास. एकटाच, टाय सैल केलेली. तिथल्या उलट्या पातेल्यावर बसलास अन् ती चाल वाजवलीस. हळू. मी कधी ऐकली नव्हती एवढी हळू. ड्रम नाही, ढोल नाही, नाचायला कुणी नाही. मला ते गाणं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो माणूस साबण घेतोय अन् सगळं ठीक आहे म्हणतोय, ते खोटं नाही बोलत. तो स्वतःला सांगतोय. मला ओरडून रडावं वाटलं अन् त्याच वेळी पाय ताल धरत होते. अय्यूब, तू त्या दिवशी आला नसतास तर मी त्या चुलवणापासून हललो नसतो. तू मला तिथून घरी आणलंस.

अन् वाजवून झाल्यावर मी तुला काय म्हणालो? म्हणालो, चल, मंडपवाल्याचे बांबू मोजून द्यायचेत. तू म्हणलास, चल. आपण बांबू मोजले.

पुढं दम लागायला लागला अन् क्लॅरिनेट इम्रानच्या हातात गेलं. तू नुसता बँडच्या पुढं चालायचास, हातानं इशारे करत. मग चालणंपण बंद झालं. पिकअपवर आवाजाच्या भिंती रचून डीजेवाले यायला लागले, घरांच्या काचा थरथरायला लागल्या. तू दारात खुर्ची टाकून बघायचास अन् म्हणायचास, यांना डावा हातच न्हाई. दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हा नाकाला नळी, तरी तुझी खुमखुमी कायम. मला म्हणलास, ‘कबूल कर बे. नाचायचं गाणं हाय.’ मी म्हणलं, दुःखाचं आहे. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की भांडण चालू राहिलं तर तूपण राहशील. मी हो म्हणलो असतो तर तू समाधानानं डोळे मिटले असतेस अन् मला ते नको होतं. तू म्हणलास, येत्या लग्नसराईत बघू कोण बरोबर हाय ते.

लग्नसराई आली, तू नाहीस. ज्या माणसानं सगळ्या गावाला वाजतगाजत नेलं, त्याला आम्ही मुक्यानं नेलं. तुमच्यात तसंच असतं, मला माहीत आहे. मी खांदा दिला. वाटेत माझे कान सारखे मागं होते, आता ड्रम सुरू होईल, आता होईल.

जियारतीनंतर काही दिवसांनी भाभीनं मला निरोप पाठवून बोलावलं. ती इद्दतीत होती, नवरा गेल्यावर तुमच्यात बाईनं पाळायच्या दुखवट्यात, म्हणून पडद्याआडूनच बोलली. मला वाटलं, इम्रानला समजावते म्हणेल. ती म्हणाली, ‘भाई, टेप चालत न्हाई. पट्टा गेलाय वाटतं. बघून देता का?’ तुझा तो जुना टेपरेकॉर्डर इम्राननं बाहेर आणून ठेवला, आतली कॅसेट तशीच. मी केजला जाऊन रबरी पट्टा बदलून आणला. मनात म्हणलं, बिचारीला तुझा खोकला ऐकायचा असेल. चालीचं तिच्यापाशी काढायचं धाडस मला झालं नाही, अन् इम्रान माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

काल जाधवांच्या पोराचं लग्न होतं. ती सुपारी तू स्वतः घेतली होतीस, म्हणून इम्राननं ती पाळली. लाल कोट, काळ्या टाय. परण्या निघाला, मी कडेकडेनं चाललो होतो. पोरं सिनेमातली गाणी वाजवत होती. चांगली वाजवत होती, पण नाच काही रंगत नव्हता. एकदोघांनी ओरडून टायवाल्यांची चाल मागितली. इम्राननं नुसती नकाराची मान हलवली.

मारुतीकडं जायची वाट तुझ्या गल्लीतून. कोपऱ्यावर आल्याबरोबर इम्रानचा डावा हात वर गेला. तुझ्यासारखाच, कोपर थोडं वाकडं. सगळं एकदम बंद. नाचणारे थांबले. घोड्याच्या टापा अन् चपला, दुसरा आवाज नाही. मी तुझ्या दाराकडं बघायचं टाळत होतो. बँड तुझ्या घरासमोर आला, पुढं निघाला.

तेवढ्यात तुझ्या खिडकीतून खट्ट आवाज आला. अन् क्लॅरिनेट. तुझं. त्या दिवसाचं, घसा साफ केल्यासारखं. सगळी गल्ली जागच्या जागी उभी राहिली. मग तुझा खोकला. मग ड्रम. अन् गाणं पुढं जायला लागलं तशी पडद्याआडून भाभीची हाक आली, ‘इम्रान, कायकू रुक्या रे? बजा!’

इम्रान खिडकीकडं बघत राहिला. त्याचा हात अजून वरच होता. दुखवट्याच्या घरातून कुणी वाजवा म्हणलं तर वाजवायचं, हा तुझाच नियम. पोरं त्याच्या हाताकडं बघत होती. मग तो हात खाली आला, क्लॅरिनेट तोंडाला लागलं, अन् ड्रमवाल्यानं अशी काडी मारली की आतला टेप त्याच्याखाली बुडून गेला. नाच सुरू झाला. जाधवांचा नवरदेव घोड्यावर बसल्याबसल्या खांदे हलवायला लागला. इम्रानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् तो फुंकत होता. अन् मी, या वयाला, माझ्या या गुडघ्यांनी, तुझ्या दारापुढं नाचलो. रडतपण होतो. दोन्ही एकदम जमतं, अय्यूब. तू म्हणत होतास ते खरं होतं. घे, केलं कबूल.

परण्या मारुतीपर्यंत गेला, मी अर्ध्यातून मागं फिरलो. तुझ्या खिडकीत टेप बंद झाला होता, पडदा सरळ केलेला होता. वाटेत दुकानावर थांबलो अन् एक साबण घेतला. दुकानदारानं विचारलं, ‘काय कंडक्टर, कसं काय?’

म्हणलं, सगळं ठीक हाय.